गोड्या पाण्यातले जीव, माणसाचा दबाव आणि आक्रमक प्रजाती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोडं पाणी जगात एवढं थोडं, मग त्यातल्या जीवांची इतकी चर्चा कशाला?

थोडं आहे म्हणूनच. नद्या, तळी, ओढे, दलदली सगळं मिळून पृथ्वीच्या पृष्ठभागाचा १ टक्कासुद्धा भरत नाही, आणि तेवढ्याशा जागेत आपल्याला माहीत असलेल्या प्राण्यांच्या जातींपैकी साधारण १० टक्के राहतात, माशांच्या तर निम्म्याहून जास्त जाती गोड्या पाण्यातल्या आहेत. समुद्र सगळा एकमेकांना जोडलेला असतो, पण दोन नद्यांच्या मध्ये एक डोंगर आला की इकडचा मासा तिकडे जाऊच शकत नाही, त्यामुळे हजारो-लाखो वर्षांत प्रत्येक खोऱ्यात, प्रत्येक जुन्या तळ्यात वेगळ्याच जाती तयार झाल्या. पण याची दुसरी बाजू अशी की जी जात एकाच तळ्यात आहे ती तिथून गेली की जगातूनच गेली, दुसरीकडून परत येणार कुठून?

गोड्या पाण्यातले ८५ टक्के प्राणी संपले असं वाचलं, खरंय का?

नाही, पण आकडा खोटाही नाहीये, लोक तो चुकीचा वाचतात. लिव्हिंग प्लॅनेट इंडेक्स नावाचा एक निर्देशांक आहे, त्यात जगभरातल्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या ज्या ज्या समूहांची नियमित मोजणी होते त्यांची संख्या किती टक्क्यांनी घसरली याची सरासरी काढतात. १९७० ते २०२० या काळात गोड्या पाण्यातल्या समूहांची ही सरासरी घट ८५ टक्के निघाली. म्हणजे १०० प्राण्यांतले ८५ मेले असं नाही आणि १०० जातींतल्या ८५ संपल्या असं तर अजिबातच नाही. छोटा समूह असो की मोठा, सरासरीत दोघांना जवळपास सारखंच वजन मिळतं, त्यामुळे काही ठिकाणची भयानक घसरण आकडा बराच खाली ओढते.

मला स्वतःला दुसरा आकडा जास्त सरळ वाटतो. जानेवारी २०२५ मध्ये नेचर मासिकात एक मोठा अभ्यास आला, त्यात मासे, चतुर-टाचण्या आणि खेकडे-कोळंबी-क्रेफिश (क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, नांग्यांचा, छोट्या लॉब्स्टरसारखा प्राणी) अशा गटांतल्या २३,४९६ जाती तपासल्या होत्या आणि त्यातल्या २४ टक्के जातींना नामशेष होण्याचा धोका आहे असं दिसलं. खेकडे-कोळंबीच्या गटात तर ३० टक्के. साधारण चारातली एक जात, हे पुरेसं वाईट आहे, त्याला अजून फुगवायची गरज नाही.

सगळ्यात मोठं कारण कोणतं? प्रदूषण ना?

प्रदूषण त्यात आहेच, पण एकच कारण शोधायला गेलं की गोंधळ होतो. धरणं आणि बंधारे, शेतीसाठी उपसलेलं पाणी, बुजवलेल्या पाणथळ जागा, सांडपाणी, खतं, अति मासेमारी, वाळूउपसा, परक्या जाती आणि आता तापमान, हे सगळं एकाच नदीवर एकाच वेळी चालू असतं आणि एक गोष्ट दुसरीला मदत करते. पाणथळ जागांचंच बघा, १९७० ते २०१५ या काळात जगातल्या सुमारे ३५ टक्के पाणथळ जागा गेल्या, जंगलं जात होती त्याच्या तिप्पट वेगाने, पण जंगल तुटलं की फोटो येतो आणि दलदल बुजवली की लोक म्हणतात बरं झालं, डास गेले.

पाणीच काढून घेतलं तर काय होतं याचं टोकाचं उदाहरण म्हणजे अरल समुद्र. एकेकाळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं तळं होतं ते. १९६०च्या दशकापासून अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी मुख्यतः कापसाच्या शेतीकडे वळवलं, तळं आटलं, उरलेलं पाणी इतकं खारट झालं की मूळचे मासे टिकलेच नाहीत. २००५ मध्ये उत्तरेकडच्या भागाला एक बांध घातला तेव्हा तिथली पातळी वाढली, खारटपणा उतरला आणि मासे परत आले, दक्षिणेचा भाग मात्र जवळजवळ गेलाच.

धरणात तर भरपूर पाणी साठतं, मग माशांचं वाईट कसं होतं?

हा प्रश्न खूप जण विचारतात आणि तो योग्यच आहे. पाणी असणं आणि नदी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहत्या पाण्यात अंडी घालणाऱ्या माशाला साठलेलं पाणी काही कामाचं नसतं, त्याला प्रवाह लागतो, गोटे लागतात, पूर आला की वर जायची खूण मिळावी लागते. धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी बऱ्याचदा गार आणि ऑक्सिजन कमी असलेलं असतं, खाली येणारा गाळ अडतो, पुराचं वेळापत्रक विजेच्या मागणीप्रमाणे चालतं. आणि वरचा रस्ता तर बंदच.

यांगत्झी नदीतला चायनीज पॅडलफिश हे याचं सगळ्यात दुःखद उदाहरण म्हणावं लागेल. अंडी घालायला वरच्या भागात जाणारा हा प्रचंड मासा, १९८१ मध्ये गेझोउबा धरणाने नदी अडवली, अति मासेमारी तर आधीपासून होतीच, २००३ मध्ये तो शेवटचा दिसला आणि २०२२ मध्ये अधिकृतपणे नामशेष म्हणून नोंदला गेला. त्याच नदीतली बायजी डॉल्फिन २००६ च्या मोठ्या पाहणीत एकही सापडली नाही. चीनने २०२१ पासून यांगत्झीवर १० वर्षांची मासेमारी बंदी आणली, बाकीच्या माशांना त्याचा फायदा होईल, पण या दोघांसाठी ती उशिरा आली.

फिश लॅडर, म्हणजे धरणाच्या बाजूने माशांना वर चढायला पायऱ्यांसारखी वाट, बांधली की झालं, असंही म्हणतात. जोरात पोहणाऱ्या, उडी मारणाऱ्या सॅमनसारख्या माशांना ती बऱ्यापैकी चालते, बाकीच्यांना फार कमी. शिवाय फक्त मोठी धरणं बघून भागत नाही, युरोपच्या नद्यांमध्ये छोटे बंधारे, फरशा, मोऱ्या सगळं धरून किमान १२ लाख अडथळे आहेत असा अंदाज २०२० मध्ये आला आणि त्यातले बहुतेक दोन मीटरपेक्षा कमी उंचीचे!

तळ्याचं पाणी हिरवंगार होतं ते कशामुळे?

बहुतेक वेळा फॉस्फरस. शेतातलं खत, सांडपाणी, डिटर्जंट यातून तो येतो, त्यावर शेवाळ आणि सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखेच दिसणारे जीवाणू) माजतात, ते मरून तळाशी कुजताना ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात. हे नक्की फॉस्फरसमुळेच होतं का यावर एकेकाळी जोरदार वाद होता. मग १९७३ मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलर यांच्या टीमने एका तळ्याला, लेक २२६ त्याचं नाव, मधोमध पडदा लावून दोन भाग केले, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवी झाली. वरून काढलेला तो फोटो बघितला की वाद घालायला फारसं काही उरत नाही.

परकी प्रजाती म्हणजे आक्रमक प्रजातीच ना?

नाही हो. माणसाने जाणूनबुजून किंवा नकळत आणलेली कुठलीही जात परकी, पण त्यातल्या थोड्याच त्रास देतात. आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंचाच्या २०२३ च्या अहवालात जगभरात ३७,००० हून जास्त परक्या जातींची नोंद आहे, त्यातल्या साधारण ३,५०० हानिकारक, म्हणजे दहातली एक. अडचण अशी की ती दहावी कोणती निघेल हे आधी छातीठोकपणे सांगता येत नाही आणि कळतं तोपर्यंत ती सगळीकडे पोचलेली असते. दुसऱ्या एखाद्या देशात तिने आधीच धुमाकूळ घातलाय का, हा त्यातल्या त्यात चांगला इशारा.

या जाती पोचतात कशा?

बऱ्याचदा आपणच आणतो, कौतुकाने. मत्स्यपालन, शौकाची मासेमारी, फिश टँक, बागेतलं तळं, डास मारायचा कार्यक्रम. नकळत आणायचे रस्ते म्हणजे जहाजाचा तोल सांभाळायला भरलेलं बॅलास्ट पाणी, एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नेलेल्या होड्या, ओली जाळी, गळाला लावायच्या आमिषाचं उरलेलं पाणी.

आणि कालवे, हे तर लोकांच्या लक्षातच येत नाही. सी लॅम्प्रे हा रक्त शोषणारा मासा नायगारा धबधब्यामुळे उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स या पाच प्रचंड तळ्यांपैकी वरच्या तळ्यांत जाऊ शकत नव्हता, जहाजांसाठी धबधब्याला वळसा घालणारा वेलंड कालवा झाला, १९२१ मध्ये लॅम्प्रे ईरी तळ्यात सापडला आणि पुढच्या काही दशकांत वरच्या सगळ्या तळ्यांत पसरून त्याने तिथली ट्राउटची मासेमारी बसवली. तसंच शिकागोचं, १९०० मध्ये सुरू झालेल्या कालव्याने मिसिसिपीचं खोरं ग्रेट लेक्सला जोडलं, आणि आता मत्स्यपालनाच्या तळ्यांतून सुटलेले आशियाई कार्प त्या वाटेने वर जाऊ नयेत म्हणून तिथे पाण्यात विजेचे अडथळे चालवत बसावं लागतंय.

व्हिक्टोरिया तळ्यात नेमकं काय झालं? प्रत्येक लेखात त्याचं नाव येतं.

येणारच, कारण तिथे सगळंच एकत्र झालं. आफ्रिकेतल्या या तळ्यात सिक्लिड माशांच्या काहीशे जाती होत्या, बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. १९५०-६० च्या दशकांत मासेमारी वाढावी म्हणून नाइल पर्च सोडला, जो दीड-दोन मीटरपर्यंत वाढतो. वीसेक वर्षं फारसं काही दिसलं नाही आणि १९८० च्या दशकात एकदम त्याची संख्या उसळली, सिक्लिडच्या सुमारे २०० जाती दिसेनाशा झाल्या.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात, पण ती अर्धीच आहे. त्याच काळात आजूबाजूची जंगलं तुटत होती, शेतं आणि शहरांतून खत-सांडपाणी येत होतं, पाणी गढूळ होत होतं, खोल पाण्यातला ऑक्सिजन संपत होता. या सिक्लिडमध्ये मादी नराचा रंग बघून जोडीदार निवडते आणि गढूळ पाण्यात रंगच नीट दिसेना, तेव्हा जवळच्या जातींचे संकर व्हायला लागले, म्हणजे पर्चने न खाता सुद्धा जाती एकमेकांत मिसळून संपत होत्या. त्यात पर्च तेलकट, उन्हात नीट वाळत नाही, धुरी द्यावी लागते, त्यासाठी अजून झाडं तुटली, अजून माती तळ्यात आली. १९८० च्या दशकाच्या शेवटी जलपर्णीही येऊन पोचली, तिला भरपूर खत तयारच होतं.

म्हणून "दोष परक्या माशाचा की माणसाच्या दबावाचा" असं कोणी विचारलं की मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. मोडलेल्या पाण्यात परका जीव सहज घुसतो आणि घुसला की पाणी अजून मोडतो. धडधाकट पाण्यात तो येतच नाही असं मात्र नाही, दक्षिण अमेरिकेतल्या टिटिकाका तळ्यात बाहेरचे ट्राउट सोडले तेव्हा ते तळं काही गटार झालेलं नव्हतं, तरी तिथला ओरेस्टियास क्युव्हिएरी हा मासा कायमचा गेला.

झेब्रा मसल हा परका शिंपला तर पाणी गाळून स्वच्छ करतो, मग तो वाईट कसा?

पाणी पारदर्शक होतं हे खरंय. एक इंचभर शिंपला दिवसाला साधारण एक लिटर पाणी गाळतो आणि ते कोट्यवधी असतात. पण तो जे गाळून घेतो ते म्हणजे तळ्यातल्या बारीक जीवांचं अन्न, लहान माशांपर्यंत जाणारी साखळी तिथेच तुटते. पाणी नितळ झाल्यावर ऊन खोलवर जातं, तळाशी शेवाळ माजतं. आणि हे शिंपले मिळेल त्या कठीण वस्तूवर चिकटतात, त्यात स्थानिक शिंपलेही आले, एकेका स्थानिक शिंपल्यावर शेकड्याने बसतात की त्याला तोंड उघडता येत नाही. १९८८ मध्ये ते ग्रेट लेक्सच्या भागात पहिल्यांदा सापडले, बॅलास्ट पाण्यातून आलेले, मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी घालते, पुढचं सांगायला नको. पाणीपुरवठ्याचे पाइप तुंबले तेव्हा कुठे सगळ्यांचं लक्ष गेलं. स्वच्छ दिसणारं पाणी आणि निरोगी पाणी यात इतका फरक असू शकतो.

जलपर्णी काढली तरी परत का येते?

कारण खत येतच असतं. मूळची अमेझॉन खोऱ्यातली ही वनस्पती अनुकूल हवामानात एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते, तुटलेल्या छोट्या तुकड्यातूनही वाढते आणि बिया तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षं टिकतात. यंत्राने काढणं चुकीचं नाही, लगेच वाट मोकळी करायची असेल तर दुसरा उपाय नसतो, पण सांडपाणी न थांबवता दर वर्षी काढत बसणं म्हणजे कायमचा खर्च. काढलेला ढीग काठावरच टाकायचा, हे तर सगळीकडे बघायला मिळतं, पहिल्या पावसात तो परत पाण्यात.

मग तिला खाणारा किडा सोडला तर? तोही डोक्यावर बसायचा!

भीती योग्य आहे, जुन्या काळात असे उद्योग खूप झाले. पण नीट केलेलं जैविक नियंत्रण वेगळं, त्यात आधी वर्षानुवर्षं तपासतात की हा किडा दुसरं काही खात नाही ना. सॅल्व्हिनिया मोलेस्टा या तरंगत्या वनस्पतीची गोष्ट मला फार आवडते. तिला आधी चुकून दुसरीच जात समजले, त्या जातीवरचे भुंगेरे आणून सोडले, काही उपयोग झाला नाही. १९७२ मध्ये ती वेगळी जात आहे हे स्पष्ट झालं, १९७८ मध्ये आग्नेय ब्राझीलमध्ये तिचं मूळ घर सापडलं आणि तिथे तिच्यावर जगणारा एक बारीकसा भुंगेरा मिळाला. १९८० मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तळ्यावर सोडला, वर्ष-सव्वा वर्षात तळं मोकळं. मग पापुआ न्यू गिनीतल्या सेपिक नदीवर, जिथे सुमारे २५० चौरस किलोमीटर पाणी झाकलं गेलं होतं, तिथेही तेच. आधी नाव चुकलं होतं, बाकी काही नाही. वर्गीकरणशास्त्र म्हणजे नुसता कपाटातला उद्योग असं म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

व्हिक्टोरिया तळ्यात जलपर्णीवरही १९९५ च्या सुमारास भुंगेरे सोडले, १९९८ नंतर ती बरीच कमी झाली, त्यात एल निनोच्या वर्षातल्या पावसाचा आणि लाटांचाही हात होता, पण पुढे ती पुन्हा अधूनमधून वाढलीच. खताचा प्रश्न तसाच होता ना.

डासांसाठी गंबुसिया किंवा गप्पी मासे सोडावेत का?

बंदिस्त टाकीत वेगळी गोष्ट. नदी, ओढा, तळं, डबकं यात नको. गंबुसिया डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची अंडी-पिल्लं, इतर माशांची पिल्लं सगळं खातो, आणि स्थानिक छोटे मासे बऱ्याचदा अळ्या तेवढ्याच खातात. जगातल्या १०० सर्वांत वाईट आक्रमक जातींच्या यादीत तो आहे.

घरातला एकच मासा किंवा कासव सोडलं तर एवढं काय बिघडतं?

एकाने बिघडू शकतं, अगदी शब्दशः. मार्बल्ड क्रेफिश नावाचा एक प्राणी १९९० च्या दशकात जर्मनीतल्या अ‍ॅक्वेरियमच्या बाजारात दिसायला लागला. सगळ्या माद्या, नराशिवाय पिल्लं होतात आणि सगळी पिल्लं आईची हुबेहूब नक्कल. टँकमध्ये गर्दी झाली की लोकांनी दिले, सोडले, आणि आज तो युरोपातल्या अनेक देशांत आणि मादागास्करमध्ये मोकळ्या पाण्यात आहे. युरोपियन युनियनने २०१६ मध्ये त्याला आणि लाल कानाच्या स्लायडर कासवाला बंदीच्या यादीत घातलं.

शिवाय प्राणी एकटा जात नाही, त्याच्याबरोबर रोग जातात. अमेरिकन क्रेफिशच्या अंगावर राहणारा क्रेफिश प्लेग १८५९ पासून युरोपात आहे, त्याने तिथले मूळचे क्रेफिश झोपवले. बेडकांवरची कायट्रिड बुरशी तर माणसाच्या व्यापाराबरोबर जगभर गेली, २०१९ च्या अभ्यासाप्रमाणे उभयचरांच्या किमान ५०१ जाती तिच्यामुळे घटल्या आणि त्यातल्या ९० बहुधा संपल्याच. तुम्ही सोडलेला बेडूक तब्येतीने ठणठणीत असेल, प्रश्न त्याच्या कातडीवर काय आहे हा आहे.

पसरल्यावर सगळे खाऊन संपवता येतील की!

ऐकायला छान वाटतं. थोडा ताबा ठेवायला मदत होते, संपत मात्र नाहीत, कारण संख्या कमी झाली की पकडणं परवडत नाही आणि एकदा बाजार तयार झाला की तो जीव टिकावा असं वाटणारे लोकही तयार होतात. नाइल पर्चच बघा, तो आता निर्यातीचा धंदा आहे, आता तो कमी होऊ नये म्हणून नियम करावे लागतात.

मग काही उपायच नाही का?

आहे, पण मोठ्या पाण्यात पूर्ण हटवणं जवळपास अशक्य, दाबून ठेवणं शक्य. सी लॅम्प्रेसाठी हजारो रसायनं तपासून १९५८ पासून त्याच्या अळ्या मारणारं एक औषध वापरतात, अडथळे आणि सापळेही आहेत, त्याची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी उतरली. पण हे काम थांबवता येत नाही, थांबवलं की तो परत. म्हणून दारातच अडवणं स्वस्त. ग्रेट लेक्समध्ये शिरण्याआधी जहाजांच्या टाक्या समुद्राच्या पाण्याने धुवायचा नियम २००६-०८ पासून कडक झाला आणि नवीन जीव येण्याचं प्रमाण खूपच उतरलं. जागतिक पातळीवर बॅलास्ट पाण्याचा करार २००४ मध्ये झाला, लागू व्हायला २०१७ उजाडलं. आयपीबीईएसच्या हिशेबात २०१९ मध्ये आक्रमक जातींमुळे जगाला पडलेला भुर्दंड ४२,३०० कोटी डॉलरच्या वर होता, त्यातला फक्त ८ टक्के त्यांना आवरण्यावरचा खर्च, उरलेलं सगळं नुकसान.

हवामान बदलाचा यात काय संबंध?

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. १० अंशाला लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. थंड पाण्यातले मासे वरच्या बाजूला सरकतात, तिथे अडथळा असेल तर अडकतात, आणि उष्ण भागातल्या परक्या जातींना नवीन तळी राहण्याजोगी होतात.

कुठे सुधारलंय असं एक तरी उदाहरण द्या!

एक कशाला. लंडनमधली थेम्स १९५७ मध्ये जैविकदृष्ट्या मृत म्हणून जाहीर झाली होती, सांडपाण्यावर प्रक्रिया सुधारली आणि आज तिच्या मुखाच्या भागात १०० हून जास्त जातींचे मासे नोंदले आहेत. अमेरिकेत एल्वा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये काढली. क्लॅमथ नदीवरची चार धरणं काढायचं काम २०२४ मध्ये पूर्ण झालं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये सॅमन धरणांच्या जागेच्या वर पोचलेले दिसले, शंभरेक वर्षं बंद असलेल्या वाटेने. स्थानिक आदिवासी जमातींनी त्यासाठी अनेक दशकं लढा दिला होता, ते आपोआप झालेलं नाही.

मी एकटा काय करू शकतो?

टँकमधलं काहीही, मासा, गोगलगाय, वनस्पती, पाणीसुद्धा, ओढ्यात किंवा गटारात ओतू नका; नको असेल तर दुकानाला परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला. होडी, बूट, जाळी एका पाण्यातून दुसऱ्यात नेताना तपासा, धुवा, पूर्ण वाळवा, वाळवणं सगळ्यात महत्त्वाचं. पुण्य म्हणून मासे-कासवं सोडायची असतील तर तेही नको. आणि जवळच्या तळ्याला कोणी भिंत घालून "सुशोभीकरण" करत असेल तर काठाची झाडंझुडपं, दलदलीचा पट्टा तरी ठेवा म्हणून भांडा, कारण बेडूक, चतुर आणि माशांची पिल्लं तिथेच असतात.

गळाला परका मासा लागला, परत सोडू की मारू?

आधी फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा आणि तिथल्या मत्स्य किंवा वन विभागाला कळवा. काही देशांत असा मासा परत सोडणं बेकायदा आहे, काही ठिकाणी जिवंत नेणं बेकायदा आहे, त्यामुळे तिथला नियम विचारा. ओळख पटल्याशिवाय मात्र मारू नका, ब्रिटनमध्ये परका सिग्नल क्रेफिश समजून लोक स्वतःकडचाच दुर्मिळ पांढऱ्या नांग्यांचा क्रेफिश मारतात. आणि काहीही झालं तरी बादलीत घालून दुसऱ्या तळ्यात नेऊ नका.